वेब डिरेक्टरीचं संपादकपद: अर्ज परत का येतो

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी सांगलीत वेबसाइट बनवून देण्याचं काम करतो. कर्ली या वेब डिरेक्टरीत, म्हणजे माणसांनी निवडून विषयवार मांडलेल्या साइटच्या यादीत, स्वयंसेवक संपादक होण्यासाठी दोनदा अर्ज केला. वर्ग मागितला होता महाराष्ट्रातले उद्योगधंदे. त्या वर्गात घालण्याजोग्या साइटचे नमुने अर्जात द्यावे लागतात, ते म्हणून माझ्याच तीन ग्राहकांच्या साइट दिल्या, कारण त्यांची मला खडानखडा माहिती आहे. पहिल्यांदा छापील मजकुराचा नकार आला, दुसऱ्यांदा उत्तरच नाही. फुकट काम करायला तयार असलेल्या माणसाला कोणी नाही म्हणतं का?’

म्हणतं. मलाही म्हटलं होतं.

मी निवृत्त ग्रंथपाल. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं होते. २००४ मध्ये डीमॉझला, म्हणजे कर्लीच्या पूर्वावताराला, पहिला अर्ज केला तेव्हा माझी समजूत अशी की वर्गीकरण हे आपलं घरचं काम, आपल्याला कोण नाकारणार? ड्यूई दशांश पद्धत तोंडपाठ, ८९१.४६ म्हटलं की मराठी साहित्याचं कपाट डोळ्यांसमोर. मी सरळ ‘महाराष्ट्र’ हा अख्खा वर्ग मागितला. नमुन्यात एक साइट दिली मावसभावाच्या टूर कंपनीची, आणि तो मावसभाऊ आहे हे लिहायचं सुचलंही नाही. बारा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. त्यात नकाराच्या नेहमीच्या कारणांची यादी होती, आणि त्यातलं तुम्हाला कोणतं लागू पडतं ते तुम्हीच ओळखा, असा एकूण सूर. रागाने दोन दिवस कॉम्प्युटरकडे फिरकले नाही. नंतर यादी शांतपणे वाचली तर त्यातली तीन कारणं मला चपखल बसत होती.

तुमच्या अर्जाला त्यातली निदान दोन बसतात. वर्ग फार मोठा, आणि नमुने स्वतःच्या हितसंबंधातले.

पुढे काही वर्षं मी मेटा संपादक होते, म्हणजे आलेले अर्ज वाचून होय-नाही ठरवणाऱ्यांपैकी. कुणाच्या अर्जातलं काही इथे सांगणार नाही, ते सांगायचं नसतं. पण अर्ज वाचताना नजर कुठे जाते ते सांगू शकते.

आधी ही व्यवस्था अशी का आहे ते दोन शब्दांत. नव्वदीच्या दशकात याहूची डिरेक्टरी पगारी माणसं चालवत. साइट वाढल्या, माणसं पुरेनात, नोंदी शिळ्या होऊ लागल्या. सन मायक्रोसिस्टिम्समधले रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी जून १९९८ मध्ये स्वयंसेवकांवर चालणारी डिरेक्टरी सुरू केली. नाव ठेवलं ग्नूहू, मग न्यूहू. त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने ती घेतली आणि तिचं ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ झालं. पत्ता डायरेक्टरी डॉट मोझिला, म्हणून बोलताना डीमॉझ. मार्च २०१७ मध्ये, नेटस्केप विकत घेतलेल्या एओएलने ती बंद केली तेव्हा पहिल्या पानावर ३८ लाखांहून जास्त साइट, १० लाखांवर वर्ग आणि ९१ हजारांवर संपादक असे आकडे होते. संपादकांचा आकडा आजवरच्या सगळ्यांचा होता, त्यातले एका वेळी जागे असलेले फार थोडे. बंद पडल्यावर जुन्या संपादकांनीच सगळा संग्रह उचलून कर्ली उभी केली.

विकिपीडियाशी तुलना कराल तर गोंधळ होईल. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा खातंसुद्धा न उघडता कुणीही लिहू शकत होतं, चूक झाली तर मागून येणारा दुरुस्त करी. डिरेक्टरीत उलटं आहे. एकदा आत घेतलं की त्या वर्गात तुम्ही नोंद घालता, काढता, बदलता, आणि आधी कुणाची परवानगी घेत नाही. राखण दारावरच आहे. त्यामुळे अर्ज म्हणजे विनंती नसते, तुमचं पहिलं संपादन असतं. तीन नमुने वाचून समोरच्याला एकच गोष्ट ठरवायची असते: उद्या याच्या हातात किल्ली दिली तर हा कपाट लावेल की स्वतःची पुस्तकं पुढच्या फळीवर मांडेल?

आता वर्गाचं. ‘महाराष्ट्रातले उद्योगधंदे’ मागितलात तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की जास्त काम मागणं म्हणजे जास्त उत्साह दिसणं. वाचणाऱ्याला दिसतं वेगळंच. नव्या माणसाच्या प्रत्येक नोंदीवर कुणीतरी अनुभवी संपादक नजर ठेवणार, आणि मोठ्या वर्गात नवखा माणूस चुकला तर त्या चुका खालच्या सगळ्या फांद्यांत पसरतात. म्हणून सांगतात की झाडाच्या टोकाचं पान घ्या. प्रादेशिक शाखेत आशिया, मग भारत, मग महाराष्ट्र, मग गावं, अशी उतरंड आहे. तिथे खाली एखादं गाव निवडा, जिथे उपवर्ग नाहीत किंवा दोन-तीनच आहेत, आणि नोंदी इतक्या की एका रविवारी दुपारी सगळ्या उघडून बघता येतील.

माझ्या दुसऱ्या अर्जात मी वाई मागितलं. कारण लिहिलं ते असं: माहेर वाईचं, गाव ओळखीचं, यादीतल्या इतक्या साइटपैकी दोन उघडत नाहीत आणि एकीचा पत्ता बदलला आहे, नवा पत्ता हा. बस्स. ग्रंथपाल असल्याचं शेवटच्या ओळीत होतं. तीन आठवड्यांत होकार आला. मागे वळून बघते तेव्हा वाटतं, ‘दोन उघडत नाहीत’ या शब्दांनीच काम केलं. मी वर्ग उघडून वाचला आहे याचा तो पुरावा होता. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ अशी वाक्यं अर्जांत रोज येतात. वाचणारा त्यांच्यावरून नजर सरकवून नमुन्यांकडे जातो.

वाई लहान म्हणून सोपी असेल असं वाटलं होतं, तो भ्रम पहिल्याच आठवड्यात फिटला. मराठी विश्वकोशाचं मंडळ वाईचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथेच ते काम उभं केलं. मग विश्वकोशाची साइट वाईच्या वर्गात टाकायची का? माझ्यातली माहेरवाशीण म्हणाली, टाकायचीच! पण विश्वकोश उघडणारा माणूस वाईत राहायची सोय किंवा ढोल्या गणपतीची वेळ शोधत नसतो, त्याला एखादा शब्द, एखादा विषय हवा असतो. मजकूर मराठीत आहे आणि स्वरूप संदर्भग्रंथाचं आहे, म्हणून तिची खरी जागा मराठी भाषेच्या शाखेतल्या संदर्भग्रंथांत. कार्यालय कुठे आहे याला दुसरा नंबर. ग्रंथालयातही हेच करतो आपण. पुस्तक पुण्यात छापलं म्हणून कुणी ते पुण्याच्या इतिहासात ठेवत नाही.

याच्या उलट्या टोकाचं उदाहरण लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं. मंडळ १९३२ पासूनचं, माणसं मराठी, सण मराठी, जेवणही बहुधा मराठी. नवा संपादक हमखास ते ‘महाराष्ट्र’ या वर्गात टाकतो. पण प्रादेशिक शाखा जमिनीची आहे, माणसांच्या मुळांची नाही. त्या मंडळात जायचं तर लंडनला जावं लागतं, म्हणून ती नोंद ब्रिटनमध्ये लंडनच्या समाज-संस्कृतीत. आणि साइटवर पुरेसा मराठी मजकूर असेल तर शिवाय मराठी भाषेच्या शाखेत. कारण भाषेच्या शाखा वेगळ्या असतात आणि दोन भाषांतली साइट दोन्हीकडे येऊ शकते. हे इतकं लांबवून सांगते आहे कारण नमुन्याची साइट चांगली, वर्णन चांगलं, पण वर्गच चुकीचा, असे अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत. तुम्ही मागितलेल्या वर्गात न बसणारी साइट नमुना म्हणून दिलीत की पुढचं कुणी वाचत नाही.

आता तुमच्या जखमेवर येऊ. ग्राहकांच्या साइट.

वेबसाइट बनवणारा माणूस संपादक होऊ शकत नाही असा नियम नाही. अर्जात एक रकाना असतो, तुमचा कोणकोणत्या साइटशी संबंध आहे. मालकी, नोकरी, कंत्राट, नातेवाईक, सगळं. लोक तो रिकामा सोडतात किंवा ‘नाही’ लिहितात, कारण त्यांना वाटतं संबंध सांगितला तर नाकारतील. घडतं बरोबर उलटं. संपादकाला स्वतःची साइट नोंदवायला बंदी कधीच नव्हती. अट एवढीच की ती जाहीर असावी आणि इतर साइटना लावाल तीच फूटपट्टी तिला लावावी. लपवलेला संबंध मात्र चालत नाही, आणि तो सापडतोही. डोमेन कुणाच्या नावावर आहे, तळाशी ‘रचना व निर्मिती’ म्हणून कुणाचं नाव आहे, हे बघायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या तिन्ही नमुन्यांच्या तळाशी तुमच्याच कंपनीचं नाव असणार. वाचणाऱ्याने ते पाहिलं, वर संबंधाच्या रकान्यात काही दिसलं नाही, विषय संपला. दुसऱ्या अर्जाला उत्तर का आलं नाही याचाही अंदाज त्यातच आहे.

या संशयाला इतिहास आहे. एके काळी गूगलची स्वतःची डिरेक्टरी डीमॉझच्या नोंदींवर चाले, २०११ पर्यंत. शिवाय शोधनिकालात साइटच्या नावाखाली कित्येकदा डीमॉझच्या संपादकाने लिहिलेलं वर्णन दिसे. ते नको असेल तर साइटवाल्यांनी पानात घालायची एक खास सूचनाही निघाली होती. म्हणजे मी वाईत बसून लिहिलेली दोन वाक्यं एखाद्या हॉटेलच्या नावाखाली जगभर दिसत. त्याला बाजारभाव आला. २००७-०८ च्या सुमाराला एका गृहस्थांनी माझा फोन नंबर कुठून तरी मिळवला आणि ‘मॅडम, एका नोंदीचे किती घेता?’ असं सरळ विचारलं. मी म्हटलं, लायब्ररीत उशिराचा दंड सोडून मी कुणाकडून काही घेतलेलं नाही. त्यांना विनोद कळला नाही, त्यांनी रक्कम वाढवली. आज त्या नोंदीला तेवढा भाव नाही, पण दारावरची सवय गेलेली नाही, आणि जाऊ नये.

तेव्हा संबंधाच्या रकान्यात सगळं लिहा. ‘मी सांगलीत साइट बनवण्याचा व्यवसाय करतो, ग्राहकांची यादी इथे आहे, त्यातल्या या दोन या वर्गात येऊ शकतात, अर्जातले नमुने त्यांपैकी नाहीत.’ अशी चार वाक्यं लिहिणारा माणूस विरळा असतो. मला असा अर्ज आला की मी चहा बाजूला ठेवून वाचत असे.

मग नमुने कुणाचे द्यायचे? ज्यांच्याशी तुमचं काडीचं नातं नाही अशा तीन. आणि शक्यतो तीन निरनिराळ्या प्रकारच्या: एक धंद्याची, एक संस्थेची, एक कुणा हौशी माणसाने केलेली. डिरेक्टरीत आधीच असलेली साइट देऊ नका. हे न तपासता लोक देतात, आणि वर्ग वाचलेला नाही हे लगेच उघड होतं.

नमुन्यांतलं खरं काम म्हणजे शीर्षक आणि वर्णन. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो (टक्केवारी माझ्या मनाची, पण तक्रार खरी).

शीर्षक म्हणजे साइटचं किंवा संस्थेचं जे नाव आहे ते. त्यात ‘अधिकृत’, ‘नंबर वन’, फोन नंबर, गावाच्या नावाची तीनदा पुनरुक्ती, काही नको. वर्णन म्हणजे साइटवर गेल्यावर काय मिळेल ते, एक-दोन वाक्यांत, साधारण पंचवीस-तीस शब्दांच्या आत. धंदा किती चांगला आहे हे वर्णनाचं काम नाही.

एक खराखुरा नमुना घेऊ, ओळखीच्या खुणा पुसून. गुहागरजवळच्या घरगुती निवासाच्या मालकांनी स्वतः सुचवलेला मजकूर असा होता: ‘कोकणातील सर्वोत्तम व स्वस्त होमस्टे! गुहागर होमस्टे, गुहागर बीच हॉटेल, एसी रूम, अस्सल मालवणी जेवण. समुद्राला लागूनच. आम्ही आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर. आजच बुक करा!!’

पहिला हात फिरवला तो विशेषणांवर. सर्वोत्तम कोण ठरवणार? गेलं. स्वस्त? दर पानावर आहेत, बघणारा ठरवेल. गेलं. ‘गुहागर’ दोनदा, आणि नोंद गुहागरच्याच वर्गात येणार, म्हणजे तिसऱ्यांदा. वर्गाने जे सांगितलं ते वर्णनात पुन्हा सांगायचं नसतं. ‘आम्ही’ आणि ‘आपल्या’ गेले, कारण बोलते आहे ती डिरेक्टरी, मालक नव्हे. ‘आजच बुक करा’ उद्गारचिन्हांसकट गेलं. उरलं एसी रूम, जेवण, समुद्राला लागून. जेवण मालवणी की गुहागरकडचं, हा वाद मी घातला नाही, नुसतं ‘जेवण’ ठेवलं. समुद्राला लागून आहे का हे नकाशावर पाहिलं तर किनारा अडीच किलोमीटर. मालकांच्या मनात तो लागूनच असणार, त्यांचा काही दोष नाही, पण माझ्या नावाने ते छापलं जाणार नाही. शेवटी वर्णन झालं: ‘वातानुकूलित खोल्यांचा घरगुती निवास. दर, जेवणाची सोय, छायाचित्रे आणि पोहोचण्याचा मार्ग.’

रूक्ष आहे? आहेच. ग्रंथालयाच्या कार्डावरच्या नोंदीसारखं रूक्ष असावं. वाचणाऱ्याला पंचवीस नोंदींतून आपली कोणती ते कळायला हवं, आणि त्यासाठी सगळ्या एकाच स्वरात बोलायला हव्यात. एकीने आवाज चढवला की बाकीच्या चोवीस बिचाऱ्या बावळट दिसतात.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास खोड आहे, माझीही होती. प्रत्येक वर्णनाचा शेवट ‘...ची माहिती’. मंदिराची माहिती, शाळेची माहिती, उत्पादनांची माहिती. पानभर ‘माहिती’ची रांग लागते आणि कुणालाच काही कळत नाही. कसली माहिती? शाळेच्या साइटवर प्रवेशाचे नियम आहेत, शिक्षकांची यादी आहे, जुने निकाल आहेत, की मुख्याध्यापकांचं मनोगत आणि बंद पडलेला काउंटर आहे? जे आहे ते लिहा. दुसरी खोड सरकारी मराठीची: ‘सदर संकेतस्थळावर विविध बाबींचा समावेश करण्यात आलेला आहे.’ हे वाक्य पुसून टाकलं तर वर्णनातून काहीच कमी होत नाही.

शुद्धलेखनाबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण अर्ज वाचताना ते बघतातच. ‘माहीती’, ‘आणी’ अशा चुका नमुन्यात दिसल्या की पुढच्या शंभर नोंदी कुणीतरी दुरुस्त करत बसणार हे वाचणाऱ्याला कळतं. इंग्रजी शाखेत अर्ज करणार असाल तर इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं ठेवा. माझं इंग्रजी तसं बेताचंच. त्यामुळे मी भारी शब्दांच्या वाटेला गेले नाही, आणि तेच पथ्यावर पडलं.

मराठी शाखेत आलात तर आमची पिढी कशातून गेली तेही ऐकून ठेवा. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट आपापल्या फॉन्टात असत. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती कोडी. एखादी साइट तपासायला मी तीन-तीन फॉन्ट बसवून बघितलेले आहेत. मग ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं आणि कुणी आपल्या गावाची, कुणी कुळाच्या वंशावळीची, कुणी किल्ल्यांच्या फोटोंची फुकट जागेवर केलेली पानं एका फटक्यात गेली. त्या आठवड्यात मी नोंदी घालण्याऐवजी काढतच होते. काहींच्या मालकांना पत्रं लिहिली, दोघांनी उत्तर दिलं, एकाने पानं दुसरीकडे उभी केली. संपादकाचं निम्मं काम हे असं असतं. नवीन घालणं सगळ्यांना आवडतं, मेलेला दुवा काढायला कुणी उत्सुक नसतं. डीमॉझचा रोबोझिला नावाचा यंत्रमानव न उघडणाऱ्या साइटवर लाल खूण करी, पण डोमेनची मुदत संपून तिथे जुगाराचं दुकान लागलं असेल तर यंत्राला ती साइट ‘चालू’च दिसे. सहकारी पतसंस्थेच्या नावाखाली पत्त्यांचा जुगार मी स्वतः पाहिला आहे. म्हणून अर्जात ‘वर्गातल्या सगळ्या नोंदी उघडून पाहिल्या’ हे लिहिता आलं तर जरूर लिहा, आणि अर्थात खरंच उघडून पाहा.

फॉर्म भरण्याच्या तांत्रिक गोष्टींत फारसं काही नाही. वर्गाच्या पानावरूनच संपादक होण्याचा दुवा असतो, तिथून गेलात की अर्ज त्या वर्गाला जोडला जातो. चालू ईमेल द्या. अर्ज पाठवल्यावर त्या पत्त्यावर खात्री करून घेणारं पत्र येतं, आणि त्याला प्रतिसाद दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ते पत्र स्पॅमच्या पेटीत जाऊन पडतं आणि माणूस महिनोन्‌महिने व्यवस्थेला शिव्या घालत बसतो. तुमच्या दुसऱ्या अर्जाबाबत आधी ती पेटी उघडून बघा. मी म्हणते तो हितसंबंधाचा अंदाज चुकीचा असेल आणि दोष निव्वळ त्या पत्राचा असेल, असंही होऊ शकतं.

आणि थांबा. वाचणारेही स्वयंसेवकच आहेत, त्यांच्या घरी पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा असतात. ऑक्टोबर २००६ मध्ये डीमॉझचा मुख्य सर्व्हर कोसळला तेव्हा १८ डिसेंबरपर्यंत संपादकांनाच काम करता येत नव्हतं. त्या काळात अर्ज कुठे गेले असतील ते विचारू नका. आठवण करून देणारी पत्रं रोज पाठवू नका, एकाच वेळी चार वर्गांसाठी अर्ज करू नका, आणि मित्राच्या नावाने तर मुळीच करू नका. नाकारलेल्या अर्जात दुरुस्ती करून पुन्हा करायला मोकळीक आहे. तोच अर्ज जसाच्या तसा पुन्हा पाठवणं मात्र वाया.

होकार आल्यावर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुमची प्रत्येक नोंद, प्रत्येक बदल तारखेसकट नोंदवहीत राहतो आणि इतर संपादकांना दिसतो. ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या आमच्या नोंदवहीसारखं, ॲक्सेशन रजिस्टरसारखं, खाडाखोड चालत नाही. पहिल्याच दिवशी स्वतःच्या दोन्ही ग्राहकांना आत घेतलंत आणि लोकांनी सुचवलेल्या बाकीच्या साइटचा ढीग तसाच ठेवलात, तर नियम मोडला नाही तरी दिसायचं ते दिसतं. आधी ढिगातल्या परक्या साइट उरका. लोकांनी सुचवलेल्या साइट हा नोंदी मिळवायचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. त्यात कचराच जास्त असतो, आणि चांगल्या साइटचे मालक सुचवायला येतच नाहीत, त्या आपण शोधून आणायच्या. डीमॉझमध्ये चार महिने एकही संपादन झालं नाही तर खातं झोपी जाई. माझं एकदा गेलं होतं, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत. कारण लिहिलं, परत मिळालं.

तुम्ही सांगलीचे, तर तिसऱ्या अर्जासाठी मिरज बघा असं मी सुचवेन. तुमच्या घरापासून जवळ आणि तुमच्या ग्राहकांपासून, आशा आहे, लांब. तिथल्या सतारमेकरांपैकी कुणाची साइट नमुना म्हणून घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाव पुन्हा चर्चेत आहे. ही साइट घेतलीत की तुम्हाला एक खरा प्रश्न पडेल: दुकान मिरजेत आहे, म्हणून गावाच्या वर्गात, की वाद्यं परदेशी पाठवतात, म्हणून संगीतातल्या वाद्यनिर्मात्यांत? मी दोन्हीकडे घातली असती, एक प्रादेशिक आणि एक विषयाची. पण तुम्ही अर्ज मिरजेचा करताय, तेव्हा वर्णन मिरजेत शोभेल असं लिहा: दुकान कुठे, काय बनवतात, दुरुस्ती करतात का, साइटवर दरपत्रक आहे की नुसते फोटो. ‘सुरेल’ हा शब्द आला की खोडा. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ आला की साइटवर किती पिढ्यांची नावं दिली आहेत ती मोजा. मोजता येत नसतील तर तोही खोडा. दुसरा नमुना एखाद्या शाळेचा किंवा वाचनालयाचा घ्या. तिसरा तुम्ही शोधा. तो मी सांगितला तर तुमचा राहणार नाही.